योग्य फ्रीज अजून आलेला नाही

आमच्या खारघरच्या घरमालकांनी भाडेकरारात एक कलम स्वतःच्या हातानं, निळ्या शाईत वाढवलं होतं. भिंतीला खिळे ठोकू नयेत, कुत्रं-मांजर पाळू नये, हे छापील होतंच. त्याखाली लिहिलेलं होतं, 'भाडेकरूस फ्रीज घ्यावयाचा असल्यास मालकास सोबत नेणे.' एजंटनं ते बोटानं दाखवलं आणि हळू आवाजात म्हणाला, करा सही, माणूस चांगला आहे. आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते. नवऱ्याची नोकरी तुर्भ्याला, माझी इथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात, आणि या रो-हाउसचा वरचा मजला सोडला तर परवडेल असं काही दिसत नव्हतं. सही केली. पुढे चार वर्षं आम्ही तिथे राहिलो. खिळे आम्ही ठोकले, कोणी काही बोललं नाही. फ्रीजचं कलम मात्र शब्दशः पाळलं गेलं.

काका, म्हणजे हे आमचे घरमालक, बत्तीस वर्षं तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर होते. बटाटे, सफरचंदं, चिंच, खजूर, मटार, जगाचा माल त्यांनी गार ठेवला होता. त्याची खूण म्हणून म्हणा किंवा सवय म्हणून म्हणा, त्यांच्या अंगात बारा महिने बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर असायचा. मे महिन्यात आम्ही पंख्याखाली ओला पंचा घेऊन बसायचो तेव्हा काका स्वेटरची बटणं नीट लावून भाजी आणायला निघायचे. लोक बघत. काकांना त्याचं काही नव्हतं. "बाहेरचं बाहेर," एवढंच म्हणायचे.

कोणाच्याही घरी गेले की काका लगेच बसायचे नाहीत. दारातच एक बोट वर करायचे, मान स्वयंपाकघराच्या दिशेला वळवायचे आणि ऐकायचे. यजमान हातात पाण्याचा पेला घेऊन तसेच उभे. मग निदान यायचं. गॅस कमी झालाय. मागची जाळी धुळीनं कोंडलीय. दाराचं रबर गेलंय, मोटरला उसंत मिळत नाही. हे सगळं आत न जाता, फक्त कानानं. गल्लीच्या टोकाला राहणारे एक गृहस्थ वारले तेव्हा काका समाचाराला गेले होते. त्यांच्या पत्नीसमोर दोन मिनिटं मान खाली घालून बसले, उठताना हात जोडले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या." बरोबर गेलेल्या काकूंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण बाराव्या-तेराव्यानंतर त्या बाईंनी खरोखरच फ्रीज पुढे ओढला, त्याचा घरघराट थांबला, आणि पुढे कित्येक दिवस त्या सांगत असत की त्या घरात पहिल्यांदा शांत वाटलं ते त्या दिवशी.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं आणि ते वाक्य ते भेटेल त्याला ऐकवायचे. फ्रीज थंडी बनवत नाही. थंडी बनवायचं यंत्रच नाही जगात. फ्रीज आतली ऊब उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, म्हणजे तो हमाल आहे. आता हमाल निवडताना तुमी त्याचा रंग बघता का, असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे. उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे.

आमचा हमाल निवडायला काका तीन वेळा आमच्याबरोबर दुकानात आले. त्याआधी आठ दिवस आम्ही काय खातो, किती उरतं, बाजार किती दिवसांनी करतो, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. मी खरं सांगितलं की दूध, दही, दोन-चार भाज्या आणि कणीक. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. त्याला कपाटाएवढा, मधोमध दोन दारं उघडणारा, बाहेरून गार पाण्याची तोटी असलेला फ्रीज हवा होता. लहानपणी सहा जणांच्या घरात बर्फाच्या ट्रेवरून भावांशी मारामाऱ्या केल्याचा तो सूड होता असं मला वाटतं.

दुकानात काकांनी त्याला त्या कपाटासमोरच उभं केलं. म्हणाले, घरी कामावरून आल्यावर उघडता तसा उघडा. नवऱ्यानं दोन्ही दारं उघडली आणि सवयीनं आत बघत उभा राहिला. फ्रीज कोराकरकरीत रिकामा. तरी तो बघतोय. वरच्या कप्प्यातून खाली, खालून वर. काकांनी घड्याळ बघितलं. सेल्सगर्लनंही बघितलं. बऱ्याच वेळानं काका माझ्याकडे वळले.

"मॅडम, यांना फ्रीज नको. खिडकी हवी."

मला हसू आवरेना, सेल्सगर्ल बिलबुक तोंडासमोर धरून मागे वळली, आणि नवरा दोन्ही दारं हळूच बंद करून तोटीचं पाणी कसं येतं ते बघण्याचं नाटक करू लागला.

मग काकांनी तपासणी सुरू केली. खिशातून जुन्या लग्नपत्रिकेच्या पट्ट्या निघाल्या. एकेका दारात पट्टी अडकवायची, दार लावायचं, पट्टी ओढायची. सहज सुटली तर रबर ढिलं. पिशवीतून स्टीलचा पेला निघाला. चालू ठेवलेल्या फ्रीजच्या अंगाला पेल्याचं तोंड लावायचं आणि बुडाला कान. आणि सेल्सगर्ल पाच तारे, पाच तारे म्हणत राहिली की काका तिला थांबवायचे. तारे मोजू नका, युनिट वाचा, हे त्यांचं दुसरं वाक्य. मोठ्या फ्रीजचे पाच तारे आणि लहान फ्रीजचे तीन तारे शेजारी ठेवले तर वर्षाकाठी वीज मोठाच जास्त खातो, कारण तारे आपापल्या मापाच्या फ्रीजांशी तुलना करून मिळतात. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात आणि ते लेबल कुठल्या साली छापलंय तेही. जुन्या सालचे पाच तारे म्हणजे आजचे चार, कदाचित तीनच. ती बिचारी पोरगी पहिल्यांदाच स्वतःच्या दुकानातली लेबलं वाचू लागली.

एवढ्यात मॅनेजर आले. मला वाटलं, आता हाकलणार. त्यांनी काकांना बाजूला घेतलं आणि विचारलं की त्यांच्या आईच्या फ्रीजमधून आवाज येतो, तो कसला असेल. काकांनी विचारलं, कसा आवाज. मॅनेजरना सांगता येईना. तेव्हा काकांनी स्वतःच तोंडानं आवाज काढला, घर्रर्र, टक. मॅनेजर म्हणाले, नाही, तसा नाही. काकांनी दुसरा काढला, घूंऽऽ, टक-टक. मॅनेजरनी मान हलवून स्वतः करून दाखवला. भर दुकानात, टाय लावलेला माणूस आणि स्वेटर घातलेला माणूस एकमेकांसमोर उभे राहून घूं-टक-टक करत होते आणि टीव्ही बघायला आलेली माणसं टीव्ही सोडून यांना बघत होती. शेवटी आवाज जुळला. फ्रीज तिरका उभा आहे, काका म्हणाले, पुढच्या पायाखाली पुठ्ठा घाला.

तिसऱ्या फेरीत आम्ही एका दाराचा, मध्यम उंचीचा फ्रीज घेतला. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पहिलं विजेचं बिल आलं तेव्हा मात्र ते घेऊन तो स्वतःच खाली काकांना दाखवायला गेला.

फ्रीज ज्या दिवशी आला त्याच दिवशी संध्याकाळी काकू जिना चढून वर आल्या. हातात झाकलेलं पातेलं. त्या इकडे-तिकडे बघून म्हणाल्या, "एवढं नारळाचं दूध ठेवशील गं? सकाळी नेते." मी ठेवलं. आणि मग सहज विचारलं की खालचा फ्रीज बिघडलाय का. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या.

खाली फ्रीज नव्हताच. कधीच नव्हता. माठ होता, ओट्यावर जाळीचं कपाट होतं, आणि अख्ख्या गल्लीला फ्रीज निवडून देणाऱ्या माणसाची बायको सकाळचं दूध दुपारी परत तापवत होती.

हळूहळू मला कळलं की काकूंचा फ्रीज आहे, फक्त तो आठ घरांत पसरलेला आहे. दही समोरच्या मास्तरांकडे. लिंबं आणि कोथिंबीर कोपऱ्यावरच्या घरी. नारळाचं दूध आता आमच्याकडे. मासे मागच्या गल्लीतल्या आगरी ताईंकडे, कारण बाकीची घरं मासे ठेवून घ्यायची नाहीत. ताई कधीकधी कुंपणावरूनच हाक मारायच्या, "काकू, तुमचा म्हावरा हाय माझे फ्रीजमदी, बरफ झालाय त्याचा, पानी सुटायच्या आधी न्या." आणि काकू पदर खोचून निघायच्या. रोजचा स्वयंपाक म्हणजे आधी गल्लीला एक प्रदक्षिणा.

मी काकांना एकदा विचारलंच. ते अजिबात ओशाळले नाहीत. फार गंभीरपणे म्हणाले, "योग्य फ्रीज अजून बाजारात आलेला नाही." दर काही वर्षांनी सरकार ताऱ्यांचे नियम कडक करतं, कंपन्या सुधारतात. आज घेतला तर दोन वर्षांनी आलेला याच्यापेक्षा कमी खाणारा असणार. मग आजचा का घ्यायचा? मी म्हटलं, पण मग आम्हाला का घ्यायला लावलात. "तुमाला गरज होती," काका म्हणाले. आपल्या बायकोला गरज असू शकते, हे त्यांच्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं. रिटायर झाल्यापासून आठ वर्षं ते वाट बघत होते. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास दुकानांत जाऊन नवी लेबलं वाचून यायचे आणि काकूंना सांगायचे, अजून एक वर्ष थांबू.

काकू कुडाळकडच्या. त्यांच्या हातची सोलकढी ज्यानं प्यायली तो दुसऱ्याची पिताना तोंड वाकडं करायचा. आमच्या तिसऱ्या वर्षी उलव्याला कोणी नवी मालवणी खानावळ काढली. त्या मालकिणीनं कुठल्याशा हळदीकुंकवात काकूंची सोलकढी चाखली आणि रोज दहा लिटर पाठवाल का असं विचारलं. काकू वयाच्या साठाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं काही करणार होत्या. पण वर्षभरापूर्वी असंच एका लग्नाचं काम त्यांनी घेतलं होतं, आठ घरांत वाटून ठेवलेल्या नारळाच्या दुधापैकी दोन घरचं फाटलं, आणि सगळी सोलकढी मोरीत ओतावी लागली होती. ते सांगताना आजही त्यांचा आवाज खाली जायचा. या वेळी त्यांनी खानावळवाल्या बाईंना सोमवारपासून देते म्हणून शब्द दिला आणि काकांना सांगितलं की फ्रीज लागेल.

काकांनी शांतपणे सांगितलं की जानेवारीत नवी लेबलं येणार असं ऐकलंय. तेव्हा ऑक्टोबर होता.

शुक्रवारी मला सुट्टी होती. सकाळी साडेदहाला त्या वर आल्या, चांगली साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत काहीतरी गोल आणि प्रचंड. "चल," म्हणाल्या. मेट्रोत बसल्यावर मी पिशवीत डोकावले. त्यांचं सगळ्यात मोठं पातेलं होतं.

दुकानात तीच सेल्सगर्ल. तिनं काकूंना कधी पाहिलं नव्हतं, पण मला ओळखलं आणि विचारलं, काका नाही आले? काकू म्हणाल्या, काका घरी लेबलाची वाट बघतायत. पोरीला काही कळलं नाही. तिनं पाच ताऱ्यांपासून सुरुवात केली.

"तारे राहू देत," काकू म्हणाल्या. "वर्षाचे युनिट किती ते वाच. माझा चष्मा घरी राहिलाय. आणि लेबल कुठल्या सालचं तेही वाच."

मी बघतच राहिले. काकूंनी पाच फ्रीज ऐकले, दोन बाजूला काढले. कमरेच्या पिशवीतून लग्नपत्रिकेची पट्टी काढून दोन्हींच्या दारांत अडकवून ओढली. फ्रीजच्या अंगाला पातेल्याचं बूड लावून थोडं ऐकलं, ते मात्र मला वाटतं उगीचच. मग दोन्हींत पातेलं ठेवून बघितलं. एकात दार लागेना. दुसऱ्यात पातेलं आत गेलं, दार लागलं, पट्टी घट्ट बसली. "हा द्या," म्हणाल्या. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. मी विचारलं, काकू, हे सगळं तुम्हाला कसं येतं. त्या पातेलं पिशवीत भरत म्हणाल्या, आठ वर्षं ओट्यापाशी उभी राहून ऐकतेय बाई, कानांना काही झाकण नसतं.

शनिवारी दुपारी फ्रीज आला. काका तेव्हा खालच्या खोलीत पेपर वाचत होते. दोन माणसं खोकं घेऊन आत शिरली, काका उठून उभे राहिले, पत्ता चुकलाय असं त्यांना सांगू लागले. काकू आतून आल्या आणि माणसांना म्हणाल्या, इकडे आणा. काकांनी पेपरची घडी घातली, स्वेटर सारखा केला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

त्या दिवशी ते काकूंशी एक शब्द बोलले नाहीत. रविवारी मात्र सकाळपासून कामाला लागले. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर उभा करून प्रत्येक कप्प्यात ठेवला. दर तासानं मीटर वाचला. पट्ट्या झाल्या, पेला झाला, मागे टॉर्च मारून झाला. संध्याकाळी मला आणि नवऱ्याला खाली बोलावणं आलं. काकू निवडत होत्या, समोर ताटात तांदूळ. काका फ्रीजशेजारी उभे, चेहरा पडलेला.

"मी निवडला असता तर हाच निवडला असता," ते म्हणाले. मग काकूंकडे वळले. "मला का नाही विचारलंस?"

काकूंनी तांदळातून मान वर केली. रागावून नाही, अगदी साधेपणानं म्हणाल्या, "विचारलं असतं तर तुम्ही बरोबरच सांगितलं असतं. मला फ्रीज हवा होता."

माझा नवरा दाराच्या चौकटीवरचा रंग बारकाईनं बघू लागला. काका मग खुर्चीत बसले. उठले ते सरळ वर माळ्यावर चढले आणि कोल्ड स्टोरेजच्या दिवसांतला एक जाड थर्माकोलचा पेटारा शोधून खाली आणला. सोमवारी सकाळी सोलकढीच्या बाटल्या त्यांनी स्वतः भरल्या. खाली बर्फ, मध्ये ओलं गोणपाट, बाटल्यांच्या माना एका दिशेला, बत्तीस वर्षं सफरचंदं रचलेल्या हातांनी. रिक्षात पेटाऱ्याशेजारी बसून उलव्याला गेले आणि परत येऊन जाहीर केलं की वाटेत दोन अंशसुद्धा चढू दिलं नाही. तेव्हापासून रोज तेच जायचे. खानावळीतल्या बाई सांगायच्या की काका बाटल्या उतरवल्यावर त्यांच्या स्वयंपाकघराच्या दिशेनं कान लावून उभे राहतात. महिन्याभरात त्यांचे दोन्ही फ्रीज सुधारले होते.

त्याच दिवाळीत एकदा मी गच्चीत वाळलेले कपडे काढत असताना काका वर आले. उन्हं उतरत होती, खाडीकडून वारा होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ते एकदम म्हणाले की तुमाला म्हणून सांगतो, लेबलाचं खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. शिफ्ट कधीही सुटायची, दुपारी तीनला, संध्याकाळी सातला. बोटं गारठून वाकायची नाहीत, घास धरता यायचा नाही. आणि घरी आलं की पानात वाफ असायची. कधीही या, ताजं. फ्रीज आला की घरात कालचं सुरू होतं, मॅडम. हिला रोज ताजं करायची फार हौस. ती हौस जाईल, याची भीती वाटायची.

मला ते इतकं लागलं की मी त्या संध्याकाळीच काकूंना जाऊन सांगितलं. वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. काकू आधी नीट ऐकून घेत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं, पाटावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मला पाणी द्यावं लागलं.

"हौस कसली गं," त्या श्वास घेत म्हणाल्या, "फ्रीज नव्हता."

पुढच्या रविवारी आम्हा दोघांना खाली जेवायला बोलावलं होतं. काळ्या वाटाण्याची आमटी, आंबोळ्या, भात. नवऱ्याला मी सगळं सांगितलेलं होतं, त्यामुळे तो जरा जास्तच सरळ बसला होता. काकांनी पहिली वाटी संपवली, दुसरी संपवली, बोटं चाटली आणि खूश होऊन आम्हाला सांगू लागले की बघा, ताज्या आमटीची गोष्टच वेगळी, मसाला कसा मुरलाय. नवऱ्याला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थोपटत खाली बघत राहिले.

काकूंनी पळी उचलली. "घ्या की अजून," त्या म्हणाल्या. "कालपासून भरपूर आहे."

काकांचा हात ताटावर थांबला. त्यांनी काकूंकडे बघितलं, मग आमटीकडे. काकांनी स्वेटरचं वरचं बटण काढलं, आणि वाटी पुढे केली.